शून्य सावली आणि पावाचे यीस्ट

मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मीरा-भाईंदरमधल्या हाटकेशच्या रस्त्यांवर भर दुपारी एक क्षण असा येतो, की विजेच्या उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुंध्याशी विरून जाते. मीरा-भाईंदर १९ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे आणि वर्षातून दोनदा सूर्य इथे अगदी माथ्यावर येतो. जुलैतला क्षण बहुधा ढगांआड जातो. मेमधला मात्र लख्ख असतो. सूर्यकिरणांना हवेतून आणि ओझोनच्या थरातून सर्वांत कमी अंतर कापावे लागते ते याच वेळी. हे ऊन भाईंदरच्या मिठागरांत मीठ पिकवते, उत्तनला बांबूंवर टांगलेले बोंबील वाळवते, आणि उघड्यावरच्या प्रत्येक जिवंत पेशीतल्या डीएनएवर घावही घालते. उत्तन-गोराईच्या बाजूला ताडाच्या शेंड्यावर बांधलेल्या मडक्यात जो रस आंबतो, तो आंबवणारे यीस्ट या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहे. गोव्यातले पदेर, म्हणजे पाववाले, माडाच्या सुरेने पाव फुगवत, तेव्हा याच कुळातले यीस्ट त्यांच्या पिठात जाई. एवढा मार खाऊनही या जिवाची जात टिकते कशी? माझे म्हणणे असे, की आनुवंशिकतेचा टिकाऊपणा डीएनएच्या रेणूत आयता मिळालेला नाही, तो पेशीला क्षणोक्षणी कमवावा लागतो. विसाव्या शतकाला ही गोष्ट पटायला फार वेळ लागला आणि ती पटवून देण्यात पावाच्या यीस्टचा वाटा जेवढा मोठा आहे, तेवढा क्वचितच सांगितला जातो.

वेळ का लागला, हे आधी पाहायला हवे. १९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांनी फळमाश्यांत उत्परिवर्तने घडवून दाखवली, तेव्हापासून किरणांच्या अभ्यासकांची जनुकाकडे पाहण्याची नजर निशाणाकडे पाहणाऱ्या नेमबाजाची झाली. किरण लागला की जनुक बिघडले, चुकला की वाचले, हिशेब संपला. १९३० च्या आसपास अमेरिकेत फ्रेडरिक गेट्स यांनी मोजून दाखवले, की जीवाणू मारण्यात सर्वांत प्रभावी ठरणाऱ्या अतिनील तरंगलांबी न्यूक्लिइक आम्ल ज्या तरंगलांबी शोषून घेते त्यांच्याशी जुळतात. घाव कुठे बसतो याचा हा स्पष्ट इशारा होता, पण जनुके प्रथिनांची असतात या तेव्हाच्या समजुतीमुळे तो बराच काळ पडून राहिला. १९४४ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी ‘व्हॉट इज लाइफ?’ या पुस्तकात जनुकाच्या टिकाऊपणाचे कारण भौतिकशास्त्रात शोधले. रेणूतले अणू एका मांडणीतून दुसरीत जायचे तर ऊर्जेचा मोठा उंबरठा ओलांडावा लागतो, म्हणून जनुक शतकानुशतके जसेच्या तसे राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते देखणे आहे आणि पुष्कळ अंशी खरेही आहे. पण त्यात पेशी नुसती पेटी ठरते: आत ठेवलेला दागिना अभंग, आणि पेटीने काही करायचे नाही. या चित्रात दुरुस्तीला जागाच नव्हती. म्हणून दुरुस्ती समोर घडत होती तेव्हाही ती प्रयोगातली चूक वाटली.

१९४८ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे अल्बर्ट केल्नर यांच्यासमोर नेमके हेच आले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध देणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जीवाणूचे बीजाणू ते अतिनील किरणांखाली धरत आणि किती जगतात ते मोजत. एकाच प्रकारे वागवलेल्या नमुन्यांत वाचलेल्यांची संख्या प्रचंड कमी-जास्त येई. त्यांना आधी तापमानाचा संशय आला. तापमान काटेकोर राखूनही गोंधळ मिटला नाही. अखेर लक्षात आले ते हे, की नमुने ठेवलेले काचेचे जलपात्र खिडकीजवळच्या टेबलावर होते आणि सगळ्या नमुन्यांवर उजेड सारखा पडत नव्हता. किरण दिल्यानंतर नुसता दृश्य प्रकाश मिळाला, तर वाचणाऱ्यांची संख्या लाखाहून अधिक पटींनी वाढू शकत होती. त्याच सुमारास इंडियाना विद्यापीठात साल्वादोर लुरिया यांच्या प्रयोगशाळेत रेनातो दुल्बेको यांना अतिनील किरणांनी निकामी केलेले जीवाणूभक्षक विषाणू पुन्हा जिवंत झाल्यासारखे दिसले. थाळ्यांची चळत ट्यूबलाइटखाली होती, आणि जीवाणूंच्या साईत विषाणूंनी पाडलेली भोके दिव्याजवळच्या थाळ्यांत जास्त, खालच्या थाळ्यांत कमी होती. दोघांचे निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा नुसता योगायोग होता असे कुणी म्हणेल. खिडकी तिथे नसती तर शोधही लागला नसता, असा त्याचा अर्थ. पण खिडक्या सगळ्याच प्रयोगशाळांना होत्या आणि न जुळणारे आकडे अनेकांनी पाहिले होते. एकाच कृतीतून दोन उत्तरे येतात तेव्हा सरासरी काढून मोकळे होण्याऐवजी त्या फरकाचा पिच्छा पुरवणे, हे या दोघांनी केले. त्याला योगायोग म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पण इथवर फक्त एक चमत्कारिक घटना हाती होती. दुल्बेको यांनी एक मर्म मात्र पकडले होते. मोकळ्या विषाणूवर कितीही उजेड पाडला तरी काही होत नाही. तो जीवाणूत शिरल्यावर उजेड मिळाला तरच सावरतो. म्हणजे प्रकाश स्वतः काही दुरुस्त करत नाही. दुरुस्त करणारे जे काही आहे ते पेशीत आहे. ते ‘काही’ काय, हे शोधायला आणखी दहा वर्षे गेली, आणि इथेच यीस्ट कथेत येते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टॅन्ली रुपर्ट, सोल गुडगल आणि रॉजर हेरियट यांनी पेशीबाहेर, परीक्षानळीत ही दुरुस्ती घडवायचे ठरवले. त्यांनी निवडलेला हिमोफिलस इन्फ्लुएंझी हा जीवाणू या कामासाठी फार सोयीचा निघाला. तो बाहेरचा डीएनए आत ओढून घेतो, त्यामुळे डीएनए धड आहे की बिघडलेला, हे त्याच्याकडून तपासून घेता येते. शिवाय उजेडाने सावरण्याची शक्ती त्याला स्वतःला नाही, त्यामुळे जी दुरुस्ती दिसेल ती नळीत घातलेल्या अर्काचीच असणार. १९५८ मध्ये त्यांनी ई. कोलाय जीवाणूच्या अर्काने आणि प्रकाशाने बिघडलेला डीएनए कामाला लावून दाखवला. त्यानंतर रुपर्ट पावाच्या यीस्टकडे वळले. कारण साधे आणि सबळ होते. दुरुस्ती करणारे हे ‘काही’ म्हणजे एक विकर (एन्झाइम), आणि ते पेशीत अत्यल्प असते. ते वेगळे करायचे तर पेशींचा ढीग हवा, आणि असा ढीग बेकरीवाल्यांना यीस्ट पुरवणाऱ्या बाजारात किलोच्या भावाने मिळतो. १९६० पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत हेच यीस्टचे विकर आहे.

या निबंधांतली विचाराची रीत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे, कारण ‘विकर घाव ओळखते’ असे आज आपण सहज म्हणतो, त्याचा पहिला पुरावा इथे मिळतो. रुपर्ट यांनी दाखवले, की अतिनील किरण खाल्लेला डीएनए आणि यीस्टचे विकर अंधारात एकत्र ठेवले तर ते एकमेकांना घट्ट चिकटतात. धड डीएनएला मात्र हे विकर असे धरत नाही. उजेड पडला की घाव नाहीसा होतो आणि विकर सुटून पुढच्या घावाकडे जायला मोकळे होते. म्हणजे ओळखणे आणि दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला प्रकाश लागत नाही, दुसऱ्याला लागतो. नळीत दुसऱ्या कुठल्या तरी जिवाचा घायाळ डीएनए घातला तर तो विकराला स्वतःकडे ओढून घेतो आणि मूळ डीएनएची दुरुस्ती मंदावते. विकराला वाक्य कुठल्या भाषेतले आहे याच्याशी कर्तव्य नाही. खोडलेले अक्षर तेवढे ते जाणते. हे खोडलेले अक्षर कोणते, याचा उलगडाही त्याच वेळी होत होता. हॉलंडमध्ये डेल्फ्ट येथे ब्यूकर्स आणि बेरेंड्स यांना १९६० मध्ये आढळले, की गोठवलेल्या थायमिनवर (हे डीएनएचे एक अक्षर) अतिनील किरण पडले की शेजारचे दोन रेणू एकमेकांना जोडले जातात. डीएनएच्या धाग्यातही लागोपाठची दोन थायमिने अशीच चिकटून बसतात. त्या जोडीला डायमर म्हणतात. १९६२ मध्ये डॅनियल वुल्फ आणि रुपर्ट यांनी यीस्टचे विकर आणि प्रकाश देऊन डीएनएमधले हे डायमर नाहीसे होताना मोजले. पेशी घाव बरा करत नसेल, केवळ त्याला वळसा घालून पुढे जात असेल, अशी शंका तोवर घेता येत होती. या रासायनिक मोजमापाने निदान प्रकाश-दुरुस्तीपुरती ती निकाली निघाली.

यावर दोन आक्षेप उभे राहिले आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की प्रयोगशाळेतला जंतुनाशक दिवा २५४ नॅनोमीटरचे किरण देतो. ते किरण ओझोनच्या थरात अडतात, हाटकेशच्या दुपारीसुद्धा जमिनीवर पोचत नाहीत. मग निसर्गात नसलेल्या घावावरचा हा इलाज निसर्गात कशाला असेल? याचे उत्तर असे, की ओझोनमधून गाळून येणारे सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरणही हेच डायमर घडवतात. दर किरणामागे प्रमाण कमी, पण ऊन तासन्‌तास असते. शिवाय जो सूर्य घाव घालतो तोच दुरुस्तीला लागणारा निळा-जांभळा प्रकाशही पाठवतो, तेव्हा ही व्यवस्था उघड्यावर जगणाऱ्या जिवाला चपखल बसते. दुसरा आक्षेप जास्त बोचरा होता. १९६७ मध्ये कुक आणि मॅकग्राथ यांनी अनेक प्राण्यांच्या ऊती तपासल्या. हे विकर कांगारूसारख्या शिशुधान प्राण्यांपर्यंत सापडते, पण अपरा असलेल्या सस्तन प्राण्यांत, म्हणजे गायी-म्हशींत, उंदरांत आणि आपल्यात, त्याचा मागमूस लागला नाही. माणसाकडे जे हत्यारच नाही, त्याच्या अभ्यासाने माणसाविषयी काय कळणार?

खरे तर या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीन वर्षे आधी, १९६४ मध्ये येऊन गेले होते. ओक रिजला रिचर्ड सेटलो आणि विल्यम कॅरियर यांनी, आणि येल विद्यापीठात बॉइस आणि हॉवर्ड-फ्लँडर्स यांनी दाखवले, की जीवाणू अंधारातही डायमर कापून बाहेर टाकतात. डेव्हिड पेटिजॉन आणि फिलिप हॅनवॉल्ट यांनी कापलेल्या जागी ठिगळ भरले जात असल्याचा पुरावा दिला. वाकळेतला फाटका तुकडा कापायचा आणि खालच्या थराच्या आधाराने नवा शिवायचा, तसे हे काम आहे. डीएनएचा दुसरा धागा शाबूत असतो म्हणून नमुना हरवत नाही. या छेदन-दुरुस्तीला उजेड लागत नाही. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स क्लीव्हर यांनी झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजाराच्या रुग्णांच्या त्वचेतील पेशी तपासल्या, तेव्हा ठिगळ भरण्याचे हे काम त्यांत जवळजवळ बंद आढळले. हा आजार मॉरिट्झ कापोसी यांनी व्हिएन्नात एकोणिसाव्या शतकात नोंदवला होता. या मुलांना ऊन सोसत नाही, कातडीवर डाग उठतात, आणि कर्करोग कोवळ्या वयात गाठतो. विसाव्या वर्षाआधी त्यांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दहा हजार पट असतो. आपण उन्हात निर्धास्त फिरतो ते ऊन निरुपद्रवी आहे म्हणून नव्हे, हे या मुलांच्या दुःखाने सांगितले.

उरलेले अर्धे उत्तर यीस्टने दिले, आणि या वेळी विकर म्हणून नव्हे, जनुके म्हणून. १९६७ मध्ये जपानमध्ये नाकाई आणि मात्सुमोतो यांनी, आणि १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रायन कॉक्स आणि जेम्स पॅरी यांनी अतिनील किरणांना हळवे यीस्ट निवडून काढले. कॉक्स आणि पॅरी यांनी ९६ उत्परिवर्ती वाण गोळा केले आणि संकर करून पाहिले, तर त्यांतून २२ वेगवेगळी जनुके निघाली. १९६९ मध्ये मायकेल रेस्निक यांनी प्रकाश-दुरुस्तीच हरवलेले यीस्ट वेगळे केले. बावीस हा आकडा मला फार बोलका वाटतो. रेणूचा टिकाऊपणा अंगभूत असता तर तो हिरावून घ्यायला एवढ्या जागा कशाला असत्या? एकेक जनुक काढले की पेशी उन्हाला थोडी-थोडी कमजोर होत जाते, याचा अर्थ तिथे कारखाना आहे आणि त्यात निरनिराळे कामगार आहेत. पुढे या जनुकांना ‘रॅड’ हे नाव आणि क्रमांक देताना संकेत ठरला, की अतिनील किरणांशी संबंधित जनुकांना पन्नासच्या आतले आकडे, आणि क्ष-किरण, गॅमा किरणांशी संबंधितांना पन्नास व त्यापुढचे.

पन्नाशीच्या पुढच्या या घराण्याशी मुंबईचा संबंध आला. तुर्भ्याला १९५४ मध्ये सुरू झालेल्या आणि १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळालेल्या संस्थेत किरणोत्सारापासून माणसाचे रक्षण हा जिव्हाळ्याचा विषय होता, आणि त्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी यीस्ट हाती घेतले. १९८० मध्ये बी. एस. राव, एन. एम. एस. रेड्डी आणि यू. मधवनाथ यांनी किरणांना हळव्या, गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या यीस्टवर गॅमा किरणांचा परिणाम आणि त्यातून सावरण्याची क्षमता अभ्यासून प्रसिद्ध केली. १९८२ मध्ये रेड्डी आणि सहकाऱ्यांनी एक नेटका निष्कर्ष मांडला. किरणांची तीच मात्रा सावकाश दिली तर साधे यीस्ट तुलनेने कमी मरते, हे ठाऊक होते; ‘रॅड५२’ बिघडलेल्या यीस्टला मात्र सावकाशीचा हा फायदा मिळत नाही. यामागचा तर्क रुपर्ट यांच्या तर्काचा सख्खा भाऊ आहे. मात्रा संथ झाल्याने किरण सौम्य होत नाहीत. पेशीला मधल्या वेळात काम उरकता येते, आणि काम करणाराच नसेल तर मधला वेळ फुकट जातो. गॅमा किरण डीएनएचे दोन्ही धागे तोडतात, अतिनील किरण शेजारची अक्षरे चिकटवतात. घाव वेगळे, कारागीर वेगळे, हे मान्य. तुर्भ्याच्या कामाला अतिनील दुरुस्तीच्या शोधाचे श्रेय देणे चूक होईल. पण किरणांच्या मात्रेचा प्रश्न हा पेशीच्या मेहनतीचा प्रश्न आहे, हे या शहरात यीस्टच्या थाळ्यांवर मोजले गेले, ही नोंद आपल्या विज्ञानाच्या इतिहासात ठळक असायला हवी.

आता जीवाणूंच्या बाजूने एक रास्त तक्रार येईल: छेदन-दुरुस्ती पहिल्यांदा जीवाणूंत सापडली, मग यीस्टचे एवढे कौतुक का? कारण जीवाणूंची छेदन-दुरुस्तीची प्रथिने आपल्याशी मेळ खात नाहीत; काम सारखे, पण अवजारे निराळी. यीस्टची अवजारे आपलीच आहेत. भारतीय वंशाचे सत्य प्रकाश आणि लुईस प्रकाश या दांपत्याने आधी रॉचेस्टरला आणि मग टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन येथे हे एकेका जनुकाने उलगडले. १९८७ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की ‘रॅड३’चे प्रथिन डीएनएच्या दुहेरी गोफाची वीण उसवते. माणसातल्या ज्या जनुकाचा बिघाड झेरोडर्माच्या एका गटाला कारणीभूत असतो, ते ‘रॅड३’शी निम्म्याहून अधिक तंतोतंत जुळते. १९९३ मध्ये आढळले, की ‘रॅड३’ हरवलेले, एरवी जगूच न शकणारे यीस्ट माणसाच्या या जनुकावर जगते. या दोन वंशांना वेगळे होऊन शंभर कोटी वर्षे उलटली असतील, तरी सुटा भाग बसतो. ‘रॅड१४’, ‘रॅड४’, ‘रॅड२’, ‘रॅड१’ यांच्याही माणसातल्या जोड्या झेरोडर्माच्या निरनिराळ्या गटांत निघाल्या. १९९५ मध्ये सामी गझदर आणि प्रकाश दांपत्याच्या गटाने यीस्टची ही सगळी प्रथिने शुद्ध करून नळीत एकत्र आणली, आणि घाव असलेला २४ ते २७ अक्षरांचा तुकडा कापून बाहेर आला. कामगारांची यादी पुरी आहे की नाही, याची याहून कडक परीक्षा नसते.

तरीही दुरुस्ती म्हणजेच सर्व काही, असे मी म्हटले तर यीस्टच मला खोटे पाडेल. झेरोडर्माच्या काही रुग्णांत छेदन-दुरुस्ती धडधाकट असूनही तोच आजार होतो. १९९९ मध्ये कोडे सुटले, तेही ‘रॅड३०’ या यीस्टच्या जनुकावरून. त्याचे प्रथिन डायमर काढत नाही. डीएनएची प्रत निघत असताना वाटेत डायमर आडवा आला, तर त्याच्यासमोर बरोबर दोन अ‍ॅडेनिन ठेवून पुढे जाते. हळूहळू होणाऱ्या दुरुस्तीला उसंत मिळावी म्हणून केलेली ही अचूक तडजोड आहे, आणि तिचेच मानवी जनुक या रुग्णांत बिघडलेले असते. म्हणजे घावाला वळसा घालण्याची जी शंका १९६२ मध्ये निकाली निघाली होती, ती वेगळ्या दाराने परत आली आणि खरी ठरली. माझ्या मूळ म्हणण्याला यामुळे धक्का लागतो असे मला वाटत नाही. पेशीच्या कामाची यादी तेवढी लांबते.

ओळखण्याचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत राहिला होता. प्रकाश-दुरुस्तीचे विकर डायमरला आपल्या खोबणीत ओढून घेते, हे पटण्यासारखे आहे. कुलपाला किल्ली बसावी तसे. पण छेदन-दुरुस्ती डायमरच नव्हे, धुरातल्या रसायनांनी केलेले, एकमेकांशी साम्य नसलेले कितीतरी घाव काढते. एकच यंत्रणा इतके चेहरे कसे लक्षात ठेवते? २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जुंग-ह्युन मिन आणि निकोला पाव्हलेटिच यांनी यीस्टच्या ‘रॅड४’ प्रथिनाची डीएनएला बिलगलेली रचना पाहिली. ‘रॅड४’ची एक घडी गोफात घुसते, आणि जिथे अक्षरांची जोडी ढिली पडलेली असते तिथेच तिला आत शिरता येते. घायाळ थायमिनांची जोडी गोफाबाहेर ढकलली जाते. प्रथिनाची पकड मात्र असते समोरच्या धाग्यावरच्या दोन धडधाकट अक्षरांवर. बाहेर पडलेल्या डायमरला ‘रॅड४’ स्पर्शही करत नाही.